गोळी स्वस्त, बोलणं महाग : कॉलेजच्या पोरांना मानसिक उपचार परवडणार कसे?

आधी हिशोब मांडू. पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करणारा एक मुलगा धरा. घरून महिन्याला साधारण नऊ-दहा हजार येतात. कॉट बेसिसवर राहायचे तीन-साडेतीन हजार, मेसचे तीन हजार, अभ्यासिकेचे हजार-बाराशे, मग टेस्ट सिरीज, झेरॉक्स, चहा, रिचार्ज, आणि महिनाअखेरीला खिशात पाच-सहाशे उरले तरी पुष्कळ. आता याला दोन महिने झाले धड झोप नाहीये, पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं, मेसमधे चार घास खाऊन ताट सरकवतोय. रूममेट म्हणतो अरे थेरपी घे. हा फोन लावतो तर एका सेशनचे दीड हजार, आठवड्यातून एकदा यायचं, निदान सहा-आठ सेशन तरी लागतील. म्हणजे महिन्याचे सहा हजार, म्हणजे मेसही गेली आणि अभ्यासिकाही. मग तो 'बघतो आणि सांगतो' म्हणून फोन ठेवतो, आणि पुन्हा काही फोन करत नाही.

'मनातलं बोला, मदत मागा, लाजू नका' अशा पोस्टी आता भरपूर येतात, चांगलंच आहे. पण लाज गेल्यावर पैशाचं काय ते कोणी सांगत नाही. तेच इथे जरा नीट बघूया.

पहिली गोष्ट म्हणजे 'मानसिक उपचार' ही एकच वस्तू नाहीये. सायकियाट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, हा एमबीबीएस करून पुढे या विषयात शिकलेला डॉक्टर, तो निदान करतो आणि गोळ्या देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा डॉक्टर नसतो, तो बोलण्याचे उपचार करतो, चाचण्या घेतो, आणि त्याची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असावी लागते. आणि काउन्सेलर हा शब्द मात्र आपल्याकडे इतका सैल आहे की दोन वर्षांचं एमए करून वर कुणाच्या तरी देखरेखीखाली काम केलेला माणूसही काउन्सेलर आणि शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स करून इन्स्टावर 'हीलिंग कोच' झालेलाही काउन्सेलर. फी कधीकधी दुसऱ्याचीच जास्त असते, हे वेगळं सांगायला नको.

आता गंमत अशी की यात गोळ्या स्वस्त आहेत. डिप्रेशन आणि ॲन्झायटीसाठी नेहमी दिली जाणारी फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम ही औषधं जुनी झालीत, पेटंट कधीच संपलंय, जेनेरिक मिळतात, आणि जनऔषधी केंद्रात तर ब्रँडच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागायचं, बस. (दोन गोष्टी मात्र इथेच सांगतो. या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, बरं वाटलं म्हणून मनानेच बंद करायच्या नसतात. आणि पंचविशीच्या आतल्यांना सुरवातीच्या आठवड्यांत अस्वस्थपणा किंवा नको ते विचार वाढले तर लगेच डॉक्टरला कळवायचं असतं, म्हणून पहिल्या महिन्यात फॉलोअप चुकवून पैसे वाचवू नका.)

महाग आहे ते बोलणं. कारण साधं आहे, बोलण्याला वेळ लागतो आणि तो वेळ एका वेळी एकालाच देता येतो. ओपीडीतला डॉक्टर सकाळभरात चाळीस पेशंट बघू शकतो, थेरपिस्ट दिवसाला पाच, फार तर सहा माणसं नीट ऐकू शकतो, सातव्याला त्याचंच डोकं चालत नाही. त्यातून खोलीचं भाडं जायचं, ऐनवेळी न आलेल्या पेशंटचा तास वाया जायचा, स्वतःच्या सुपरव्हिजनचे, म्हणजे आपल्या कामावर सिनियरकडून देखरेख करून घ्यायचे पैसे भरायचे. त्यामुळे 'नुसतं बोलायचे दीड हजार?' असं जे आपण म्हणतो त्यात थेरपिस्टवर जरा अन्यायच आहे. दीड हजार त्याच्या जागी बरोबर आहेत आणि पोराच्या खिशात नाहीत, दोन्ही खरं आहे. म्हणून फी कमी करा म्हणून ओरडून उपयोग नाही. सगळ्यांना त्या महागड्या तासाची गरज आहे का, आणि ज्यांना आहे त्यांचे पैसे दुसरं कोणी भरेल का, हे बघायला लागतं.

आणि हे याच वयाबद्दल का? जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी जवळजवळ निम्मे चौदाव्या वर्षापर्यंतच सुरू झालेले असतात. आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्स या केंद्र सरकारच्या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मधे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांमधे कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला, आणि सगळ्या वयांचं बघितलं तर आजारानुसार ७० पासून ९२ टक्क्यांपर्यंत लोकांना उपचारच मिळत नव्हते. मनोविकारतज्ज्ञ होते लाख लोकांमागे पाऊण. म्हणजे पैसे असले तरी डॉक्टर कुठून आणणार, आणि जे आहेत ते मुंबई-पुणे-नागपुरात. नंदुरबारच्या नाहीतर गडचिरोलीच्या पोरासाठी फीपेक्षा एसटीचं भाडं आणि बुडालेला दिवस हाच मोठा खर्च असतो.

टीनएजर्सचं अजून एक आहे जे मोठ्यांच्या लक्षात येत नाही. पैसे त्यांचे नसतात. सोळा वर्षांच्या मुलीला पाचशे रुपये सुद्धा मागायचे तर 'कशाला' याचं उत्तर द्यावं लागतं, आणि त्या उत्तराचीच तर भीती असते. बाबांच्या अकाउंटवरून यूपीआय केलं की बाबांना मेसेज. त्यात अठराच्या आत असाल तर रीतसर उपचारांना पालकांची संमती लागतेच. त्यामुळे या वयात 'परवडणारं' म्हणजे फक्त स्वस्त नाही, निदान पहिलं बोलणं तरी घरी पैसे न मागता होईल असं. शंभर रुपये फी आणि शून्य रुपये फी यात मोठ्या माणसाला फरक वाटणार नाही, पण अकरावीतल्या मुलीसाठी तो सगळा फरक असतो.

आता सगळ्यांना तज्ज्ञच लागतो का? याचं उत्तर शोधायचं सगळ्यात चांगलं काम आपल्या शेजारी गोव्यात झालंय, आणि मराठीत त्याबद्दल फारसं वाचायला मिळत नाही म्हणून थोडं सविस्तर सांगतो. संगथ नावाची संस्था तिथे १९९६ पासून आहे, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेली. यांनी विचार असा केला की मनोविकारतज्ज्ञ पुरणार नाहीत हे तर नक्की आहे, मग आसपासच्याच माणसांना, ज्यांनी मानसशास्त्र वगैरे काही शिकलेलं नाही, त्यांना ठराविक गोष्टी नीट शिकवून बघू. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांनी बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशन असलेल्या मोठ्या माणसांवर हे करून बघितलं. सहा ते आठ बैठका, एकेक अर्ध्या-पाऊण तासाची. २०१७ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले. तीन महिन्यांनी, ज्यांना नेहमीची काळजी मिळाली त्यांच्यातले ३९ टक्के डिप्रेशनमधून बाहेर आले होते, आणि ज्यांना या शिकवलेल्या माणसांनी बघितलं त्यांच्यातले ६४ टक्के.

हे करतात काय नेमकं? जादू काही नाही. डिप्रेशनमधे माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, फिरणं सोडतो, मित्र सोडतो, अंघोळ टाळतो, आणि जितकं सोडतो तितकं अजून वाईट वाटतं, मग अजून सोडतो. ते उलटं फिरवायचं. वरच्या त्या सदाशिव पेठेतल्या मुलाबरोबर समजा हे केलं तर पहिल्या बैठकीत त्याचा कालचा दिवस तासातासाने विचारतील, कधी उठलास, कधी किती वाईट वाटलं. मग त्यातून एक-दोन बारीक कामं ठरवायची, अभ्यासाची नव्हेत हं, उदाहरणार्थ संध्याकाळी साडेसहाला पर्वती चढून यायचं आणि बुधवारी बहिणीला फोन करायचा. वहीत लिहायचं. पुढच्या वेळी आल्यावर केलंस का, नाही केलंस तर मधे काय आडवं आलं, चल मग पर्वती राहू दे, खाली टपरीपर्यंत जाऊन ये. इतकं साधं. पण हे 'पॉझिटिव्ह विचार कर रे' पेक्षा फार वेगळं आहे, कारण त्यात वाटण्यावर भर नाही, करण्यावर आहे, आणि मागे लागणारं एक माणूस आहे. त्या माणसावरही देखरेख असते, त्याच्या बैठका रेकॉर्ड करून बाकीचे ऐकतात, चुका सांगतात. अवघड केस वाटली की वर तज्ज्ञाकडे पाठवायचं. असा जिना लावला की तज्ज्ञाचा महागडा तास त्याच्यासाठीच उरतो ज्याला तो खरंच लागतो.

शाळकरी मुलांवर संगथच्याच लोकांनी दिल्लीच्या सरकारी शाळांमधे प्रयोग केला, शाळेतच चार-पाच छोट्या बैठका, अडचण कशी सोडवायची त्यावर, जोडीला पुस्तिका. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींची तीव्रता नुसत्या पुस्तिकांपेक्षा जास्त कमी झाली, लक्षणांच्या मोजमापात मात्र तितका फरक दिसला नाही. म्हणजे हा रामबाण नाहीये, हे त्यांनीच मांडलंय. मला तरी हे प्रामाणिक वाटतं. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' प्रकल्पाने गावातल्याच लोकांना तयार करून असंच काम केलं होतं. मुद्दा असा की स्वस्त म्हणजे हलकं असं दरवेळी नसतं, आणि हे आपल्याच भागात करून दाखवलेलं आहे, बाहेरून काही आणायचं नाहीये.

बरं, पण आज, या आठवड्यात कोणाला लागलं तर? आज मिळणारं सगळ्यात सोपं म्हणजे १४४१६. ही टेलिमानस, केंद्र सरकारची हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, एक पैसा लागत नाही, मराठीत बोलता येतं. फोन लावला की भाषा निवडायची, मग शिकवलेला काउन्सेलर बोलतो, आणि त्याला गरज वाटली तर पुढे मनोविकारतज्ज्ञाशी किंवा जवळच्या सरकारी दवाखान्याशी जोडून देतो. आईबाबांची सही कोणी मागत नाही. ॲप पण आहे. जीव द्यावासा वाटतोय, स्वतःला इजा करावीशी वाटतेय, असं असेल तर हा पूर्ण लेख सोडा आणि आधी हा नंबर लावा, किंवा कोणालातरी बरोबर घेऊन जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, पैशाचं नंतर बघता येतं. आणि पोलीस केस होईल या भीतीने थांबू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालायचं असतं आणि त्याची काळजी घेणं सरकारवर बंधनकारक आहे.

समोरासमोर डॉक्टर हवा असेल तर सिव्हिल हॉस्पिटल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग चालतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केलेत, केस पेपरचेही पैसे नाहीत. मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं, म्हणजे ससून, जेजे वगैरे, वेगळ्या खात्याकडे येतात, तिथे थोडे पैसे लागतात पण खाजगीच्या मानाने किरकोळ. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, त्यांचीही ओपीडी असते, पण 'येरवड्याला गेलो होतो' हे वाक्य घरी कसं सांगायचं हा प्रश्न आहेच, त्यामुळे पोरांना मी आधी सिव्हिल किंवा मेडिकल कॉलेजच सुचवतो. गोव्यात बांबोळीला मनोविकार संस्था आहे.

सरकारी ओपीडीत काय होतं ते आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे पहिल्याच दिवशी वैतागून परत येणार नाही. सकाळी साडेआठ-नऊला केस पेपरच्या खिडकीवर लाईन असते. मग विभागाबाहेर बाकडी. आत एका खोलीत दोन-तीन टेबलं, शेजारच्या टेबलावरचं तुम्हाला ऐकू येतं आणि तुमचं त्यांना. तरुण रेसिडेंट डॉक्टर विचारतो, झोप? भूक? कधीपासून? घरात कोणाला असा त्रास? पाच-दहा मिनिटांत उरकतं. मनमोकळं बोलायची ही जागा नाहीच, त्या अपेक्षेने गेलात तर निराश व्हाल. निदान करून घ्यायला आणि औषध चालू करायला ही जागा उत्तम आहे. म्हणून जाताना एका कागदावर लिहून न्या : काय होतंय, कधीपासून, आधी कुठली औषधं घेतली, कुठली ॲलर्जी. आणि स्पष्ट विचारा की इथे सायकॉलॉजिस्ट कोण आहे, कुठल्या वारी बसतात, मला त्यांच्याकडे रेफर करा. विचारलं नाही तर बरेचदा कोणी आपणहून सांगत नाही.

१० ते १९ वयासाठी आणखी एक सोय आहे जी बहुतेकांना माहीतच नसते. २०१४ मधे राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्यातली किशोरवयीनांसाठीची क्लिनिकं महाराष्ट्रात 'मैत्री' नावाने चालतात, सरकारी दवाखान्यातच. तिथला समुपदेशक पाळीपासून मूड जाण्यापर्यंत सगळ्यावर बोलायला असतो. कुठे जोरात चालतं, कुठे दाराला कुलूप असतं, पण जवळच्या ग्रामीण रुग्णालयात विचारून बघायला काय जातं.

सरकारकडून एवढंच का, तर पैसे कुठे जातात ते बघा. २०२४-२५ च्या केंद्राच्या बजेटमधे मानसिक आरोग्यासाठी साधारण हजार कोटी होते, म्हणजे आरोग्याच्या एकूण बजेटच्या एक टक्क्याच्या आसपास. त्यातले साडेआठशे कोटी एकट्या निम्हान्सला, टेलिमानसला ९० कोटी. निम्हान्स मोठीच संस्था आहे, प्रश्नच नाही, पण तालुक्याच्या गावातल्या मुलाला बेंगळुरूचं काय करायचंय.

इन्शुरन्सचं बघू. वर सांगितलेल्या २०१७ च्या कायद्याच्याच कलम २१ मधे लिहिलंय की शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजाराला द्यायचा. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१८ च्या ऑगस्टमधे कंपन्यांना तसं कळवलं, कंपन्यांनी टंगळमंगळ केली, मग २०२२ मधे ३१ ऑक्टोबरची मुदत घालून दिली. दिल्ली हायकोर्टाने २०२१ मधे एका केसमधे, जिथे कंपनीने मानसिक आजार म्हणून क्लेमला ५० हजारांची मर्यादा लावली होती, असा भेदभाव चालणार नाही असं सांगितलं. ऐकायला छान. पण मेख कुठे आहे? आपल्याकडच्या बहुतेक पॉलिस्या ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात, आणि थेरपीसाठी कोणी ॲडमिट होत नाही. आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य योजनेतही मानसिक आजार आहेत पण तेही ॲडमिट झालात तर. म्हणजे ज्या खर्चाने पोरं अडतात, तो दर आठवड्याचा दीड हजार, तो बहुतेक विम्यातून सुटतोच. ओपीडी कव्हर असलेली पॉलिसी असेल तर त्यात मानसोपचार आणि सायकॉलॉजिस्ट धरलाय का हे वाचून घ्या. माझ्या मते सरकारला एकच गोष्ट करायची असेल तर विमा कंपन्यांना वर्षाला आठ-दहा सेशन ओपीडीत कव्हर करायला लावावं, कारण लवकर झालेल्या आठ सेशनचा खर्च नंतरच्या एका ॲडमिशनपुढे काहीच नसतो.

एक रस्ता लोक विसरतात. आई किंवा बाबा मोठ्या कंपनीत असतील, किंवा तुम्हालाच पहिली नोकरी लागली असेल, तर एचआरला विचारा 'एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम' आहे का. बऱ्याच कंपन्या यात ठराविक सेशन फुकट देतात आणि अनेकदा घरच्यांनाही ते लागू असतं. एचआरला कोणी काय बोललं ते कळत नाही, फक्त किती जणांनी वापरलं तेवढा आकडा जातो. मेलच्या ढिगात ही माहिती कधीतरी आलेली असते, कोणी उघडून बघत नाही.

खाजगीत जायचंच असेल तर फोनवर पैशाचं मोकळेपणाने बोला. 'मी स्टुडंट आहे, माझं बजेट महिन्याला इतकंच आहे, काही कमी होईल का' असं विचारलं तर बरेच जण ऐपतीप्रमाणे फी घेतात, त्याला ते स्लायडिंग स्केल म्हणतात, पण वेबसाईटवर टाकत नाहीत. दुसरं, क्लिनिकल सायकॉलॉजीचं शिक्षण चालतं अशा संस्थांच्या ओपीडीत शिकणारे विद्यार्थी सिनियरच्या देखरेखीखाली सेशन घेतात, ते बरंच स्वस्त पडतं, आणि शिकाऊ म्हणून नाक मुरडू नका, तो तुमच्या केसवर सिनियरपेक्षा जास्त वेळ घालवतो. तिसरं, पहिली तीन-चार सेशन दर आठवड्याला आणि मग पंधरा दिवसांनी असं चालेल का विचारा. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही डॉ. आनंद नाडकर्णींची संस्था १९९० पासून मराठीत काम करतेय, त्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत. उपचार नव्हेत ते, पण आईबाबांना दाखवायला फार कामाला येतात. रात्री दोनला चॅटबॉटशी बोलणारेही आता खूप आहेत, फुकट आहे म्हणून. मन हलकं होत असेल, पण तो तुमच्या घरी फोन करणार नाही की गोळी चुकली हे ओळखणार नाही, इतकं डोक्यात असू द्या.

आणि कॉलेजवाल्यांनो, २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर मार्गदर्शक सूचना दिल्यात. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत निदान एक पात्र काउन्सेलर हवा, आणि त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. कोचिंग क्लाससुद्धा यात येतात. म्हणजे ज्या क्लासला तुम्ही वर्षाचे लाखभर भरताय त्याच्या फीमधेच हे धरून विचारता येतं. ऑफिसात जाऊन विचारा : काउन्सेलर कोण आहे, त्याचं शिक्षण काय, कुठल्या खोलीत बसतो, कुठल्या वेळी, आणि मी तिथे गेलो हे कोणाकोणाला कळतं. बऱ्याच ठिकाणी मराठीच्याच मॅडमना 'समुपदेशक' ची पाटी दिलेली असते, तसं असेल तर ते पुरेसं नाही असं लेखी द्या, एकट्याने नको, आठ-दहा जणांनी मिळून द्या, आणि अर्जाच्या कॉपीवर पोचचा शिक्का घ्यायला विसरू नका.